गेनिचिरो आशिनाला पाडायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' हा व्हिडिओ गेम घेतलेली आणि आशिना किल्ल्याच्या माथ्यावर जाऊन अडकलेली पोरं कोल्हापुरात किती असतील, त्याचा अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवरनं येतो. राजारामपुरी, कसबा बावडा, इचलकरंजी, गडहिंग्लज, सगळीकडून प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाच एका जागी. प्रश्नांना आकडे घातलेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिकडं बोट दाखवलंय.

१. दादा, गेम सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोवर गेनिचिरोनं माझा हातच तोडला. माझं काय चुकलं?

काही नाही. सुरुवातीची ती लढत हरलात तरी हात जातो आणि जिंकलात तरी जातो. जिंकणाऱ्याचं लक्ष बाहेरून कुणीतरी विचलित करतं, एवढाच फरक. त्या तुटक्या हाताच्या जागी लाकडी प्रोस्थेटिक (कृत्रिम हात, त्यात वेगवेगळी हत्यारं बसतात) बसतो आणि खरा गेम तिथून सुरू होतो. गेनिचिरो हा आशिना घराण्याचा वारस, म्हाताऱ्या इश्शिनचा दत्तक नातू. मुलूख हातचा चाललाय, तो वाचवायला त्याला कुरो नावाच्या पोराचं अमर रक्त पाहिजे. तुम्ही कुरोचे रक्षक. दुसऱ्यांदा तो किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर भेटतो. हे पान त्या दुसऱ्या भेटीबद्दल आहे.

२. मोबाइलवर चालतो का? आणि माझ्या जुन्या पीसीवर?

मोबाइलवर नाही. या नावाची एपीके कुणी पाठवली तर उघडू नका, ती खोटी आहे. गेम २२ मार्च २०१९ ला पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आला. पीएस५ आणि नव्या एक्सबॉक्सवर तोच चालतो. पीसीला कमीत कमी कोअर आय३-२१००, ४ जीबी रॅम, जीटीएक्स ७६० आणि २५ जीबी जागा मागितली आहे. नीट खेळायचं तर आय५-२५००के, ८ जीबी आणि जीटीएक्स ९७०. म्हणजे सेकंडहँड घेतलेल्या पीसीवरही बहुतेकदा निभतं. सेटिंग खाली आणा, पण फ्रेम सेकंदाला ६० च्या आसपास टिकवा. या बॉसशी (मोठ्या शत्रूशी) लढताना चित्र किती देखणं दिसतंय यापेक्षा ते किती स्थिर आहे हे महत्त्वाचं.

३. ईझी मोड कुठं आहे?

नाही. शोधू नका.

४. त्याची लाल पट्टी संपतच नाही! अर्धी करेपर्यंत माझा जीव जातो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि याचं उत्तर नीट कळलं तर निम्मं पान वाचायची गरज नाही.

लाल पट्टी म्हणजे व्हिटॅलिटी. ती संपवायची नसतेच. स्क्रीनच्या वरच्या बाजूला मधोमध जी पिवळी पट्टी दोन्हीकडं पसरत जाते ती पोश्चर, म्हणजे त्याचा तोल. ती भरली की लाल ठिपका दिसतो, बटण दाबायचं, डेथब्लो, म्हणजे निर्णायक घाव. खासबागेच्या मैदानात पैलवानाला किती लागलं हे कुणी मोजत नाही, पाठ मातीला लागली का एवढंच बघतात. इथं तसंच आहे. लाल पट्टी पाऊण शिल्लक असतानाही तो चितपट होऊ शकतो.

मग लाल पट्टीला हात लावायचाच नाही का? लावायचा, पण कारण वेगळं आहे. व्हिटॅलिटी भरलेली असली की पोश्चर झपाट्यानं ओसरतं. व्हिटॅलिटी खाली आली की ते हळू ओसरतं. म्हणून सुरुवातीला मिळतील तेवढे वार लावून लाल पट्टी अर्ध्याच्या आसपास आणा, आणि त्यानंतर त्याला दम घेऊ देऊ नका.

आता पळण्याबद्दल. दुसऱ्या गेममधून आलेली पोरं गोल गोल फिरतात, लांब जातात, एक वार करतात, परत लांब. त्या प्रत्येक फेरीत त्याचं पोश्चर रिकामं होतं. वर लांबून तो धनुष्य काढतो, म्हणजे नुकसान दुहेरी. त्याच्यापासून तलवारीच्या अंतरावर उभं राहणं हीच या लढतीतली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण करून बघा.

५. डिफ्लेक्टचं टायमिंग जमत नाही. मी बटण सारखं दाबत राहतो, चालेल का?

थोडं चालतं, मग अंगाशी येतं. डिफ्लेक्ट म्हणजे वार येतो त्या क्षणीच ब्लॉक दाबून तो परतवणं. एल१ (ब्लॉकचं बटण) पटापट दाबत राहिलात तर गेम प्रत्येक वेळी अचूक डिफ्लेक्टची खिडकी लहान करत जातो. पहिल्या दोन वारांना नशीब साथ देतं, तिसऱ्याला नुसता ब्लॉक होतो आणि तुमचंच पोश्चर भरतं. एका वाराला एकदा दाबा. दाबून क्षणभर धरून ठेवलं तर बरं, कारण वेळ थोडी चुकली तरी निदान ब्लॉक मिळतो, वार अंगावर येत नाही.

दोन गोष्टी फार जणांना माहीत नसतात. एक, तुमचं पोश्चर काठोकाठ भरलं असलं तरी अचूक डिफ्लेक्टनं तुमचा तोल तुटत नाही. तुटतो तो नुसत्या ब्लॉकनं. म्हणजे पट्टी भरली म्हणून घाबरून मागं पळायचं कारण नाही. दोन, ब्लॉक धरून उभं राहिलात की तुमचं पोश्चर लवकर ओसरतं. बटण सोडून श्वास घेण्यापेक्षा धरून घ्या.

आवाजाकडे लक्ष द्या. अचूक डिफ्लेक्टचा खणखणीत आवाज आणि नारिंगी ठिणगी वेगळी असते, साध्या ब्लॉकचा आवाज बसका असतो. हेडफोन लावून खेळलेल्या पोरांना टायमिंग लवकर बसतं असं मी बघितलंय.

आणि हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर खेळत असाल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. चित्र गुळगुळीत करणारी सोय टीव्हीत असते, तिच्यामुळं तुम्ही बटण दाबल्यावर स्क्रीनवर काही घडायला उशीर होतो. क्रिकेट बघताना कळत नाही, इथं जीव जातो.

६. कंट्रोलर नाही. कीबोर्ड-माऊसवर गेनिचिरो होतो का?

होतो. डावं क्लिक वार, उजवं क्लिक ब्लॉक, शिफ्ट डॉज, स्पेस उडी. डिफ्लेक्टसाठी तर माऊसचं बटण मला हलकं वाटतं. अडचण कॅमेऱ्याची येते, म्हणून लॉक-ऑन (कॅमेरा शत्रूवर खिळवणं) सोडू नका. खाली मी पीएसची बटणं लिहिलीत: आर१ वार, एल१ ब्लॉक, गोल डॉज, फुली उडी. एक्सबॉक्सवाल्यांनी आरबी, एलबी, बी आणि ए असं वाचावं.

७. त्याच्याकडं जायच्या आधी काय काय तयारी पाहिजे?

आधी मिकिरी काउंटर (भोसकणारा वार उलटवायची युक्ती) शिका. पहिला स्किल पॉइंट मिळाल्यावर पडक्या देवळातला मूर्तिकार जे शिनोबी टेक्स्ट (युक्त्यांची पोथी) देतो, त्यात तो आहे. हा न घेता वर जाऊ नका, बाकी सगळं नंतर.

मग वारांची ताकद. ती प्रत्येक मोठ्या बॉसला पाडल्यावर मिळणाऱ्या मेमरी नावाच्या वस्तूनं वाढते, आणि गेनिचिरोच्या आधी दोन हाताशी आहेत: घोड्यावरचा ग्योबू ओनिवा, जो तसाही वाटेत येतो, आणि हिराता वाड्यातली लेडी बटरफ्लाय. हिरात्याला जायला आशिना आउटस्कर्ट्समधल्या म्हातारीनं दिलेली घंटा पडक्या देवळातल्या बुद्धमूर्तीपुढं वाहावी लागते. पुष्कळ जण म्हातारीशी बोलतच नाहीत आणि अख्खा वाडा राहून जातो.

जपमाळेचे मणी, म्हणजे प्रेयर बीड, चार झाले की व्हिटॅलिटी आणि पोश्चर दोन्ही वाढतं. ते मिनिबॉसकडं असतात: सेनापती कावाराडा, साखळदंडातला ओग्रे, सेनापती यामाउची, जळता बैल. बैलाला टाळून पुढं पळालेले लोक मला माहीत आहेत, पण मणी सोडू नये. गोर्ड म्हणजे औषधाचा भोपळा. गोर्ड सीड सापडलं की एम्मा या वैद्यबाईला द्या, त्यातला एक घोट वाढतो.

एवढं करूनही कमी पडतंय असं वाटलं तर किल्ल्याखालच्या पडक्या तुरुंगातून सेनपो मंदिराकडं रस्ता जातो. तिकडं फिरून या, मणी आणि अनुभव दोन्ही मिळतो. गेनिचिरो कुठं पळून जात नाही.

सराव दोन ठिकाणी होतो. पडक्या देवळाबाहेरचा हानबेई मरत नाही, त्याच्याशी बोलून डिफ्लेक्ट आणि मिकिरी हवं तेवढं घोटता येतं. आणि वर जाताना आशिना डोजोत जिन्सुके साझे भेटतो. तलवार म्यानात ठेवून उभा असतो, एकदम दोन वार काढतो. ते दोन्ही अचूक डिफ्लेक्ट केले की त्याचं पोश्चर धाडकन वर जातं. साझे ज्याला दोन-तीन डावांत सहज पडतो, तो गेनिचिरोसाठी तयार आहे असं समजा.

८. लाल अक्षर येतं तेव्हा नक्की काय करायचं? मी दर वेळी चुकीचं करतो.

ते जपानी अक्षर म्हणजे धोक्याची सूचना. पण ते एवढंच सांगतं की आता साधा ब्लॉक चालणार नाही. पुढं काय येतंय ते सांगत नाही. अक्षराकडं बघणं सोडा, तलवारीकडं बघा.

गेनिचिरो उंच उडी मारून वरून दणका घालतो. तो दणका डिफ्लेक्ट करा. त्यानंतर बहुतेकदा लाल अक्षर येतं आणि दोन वाटा असतात. तलवार मागं खेचून टोक तुमच्याकडं धरलं, तर तो भोसकणार. तिथं मिकिरी: स्टिक मोकळी सोडा किंवा पुढं ढकला आणि गोल दाबा. मागं धरून दाबलंत तर साधा डॉज होतो आणि टोक पोटात जातं. या एका सवयीनं जेवढे मेलेत तेवढे विजेनंही नसतील. मिकिरी बसला की त्याच्या पोश्चरचा मोठा लचका तुटतो.

तो खाली वाकून तलवार आडवी फिरवायला लागला, तर पायावरचा वार. उडी मारा आणि हवेतच परत फुली दाबून त्याच्या डोक्यावर पाय द्या. हेही पोश्चरला चांगलंच लागतं. म्हणजे लाल अक्षर ही खरं तर तुमची कमाईची वेळ आहे.

दोन्हीत फरक कळेना असं झालं तर एक डाव फक्त बघण्यासाठी द्या. वार करू नका, दणका डिफ्लेक्ट करून पुढं काय येतं तेवढंच बघत राहा.

९. तो नाचत नाचत एकामागून एक वार करतो, तिथं काय?

तिथंच उभं राहायचं. ती त्याची सगळ्यात लांब मालिका आहे आणि सगळ्यात उदारही, कारण त्यातला प्रत्येक अचूक डिफ्लेक्ट त्याचंच पोश्चर भरतो. ठोका एकसारखा नाही, मधे लय थोडी थांबते, आणि घाईत दाबणारे तिथं फसतात. मागं सरकू नका, तो पुढं येतच राहतो आणि अंतर बदललं की ठोका चुकतो. मालिका संपल्यावर तुमचे एक-दोन वार बसतात.

१०. गोर्ड प्यायला गेलो की बाण मारतो. मग प्यायचं कधी?

लांब जाऊन प्यायलात तर मारणारच, गेम तुमचं बटण बघतोय असंच वाटतं. पहिला डेथब्लो दिल्यावर तो उठेपर्यंत क्षण मिळतो, तो सगळ्यात चांगला. नाहीतर फटाक्यानं तो दचकलेला असताना प्या (प्रश्न १२). बाण येताना दिसलाच तर तोही डिफ्लेक्ट होतो.

११. दोनदा मारला, आता सुटलो म्हणालो, तर चिलखत काढून परत उभा! आणि वीज?

ठिपके दोन दिसतात, लढत तीन डावांची आहे. दुसऱ्या डेथब्लोनंतर तो चिलखत उतरवतो आणि 'वे ऑफ टोमोए' या नावानं परत येतो, पट्ट्या नव्या करकरीत. पहिल्यांदा इथं पोचणारा बहुतेक लगेच मरतो, त्याचं मनावर घेऊ नका.

पण ऐका. तिसरा डाव दुसऱ्यापेक्षा सोपा आहे, फक्त वीज उलटवता आली पाहिजे. तो हवेत उडतो, तलवारीवर किंवा बाणावर वीज जमते. तुम्ही जमिनीवर असाल तर ब्लॉक केला तरी झटका बसतो आणि काही क्षण हलता येत नाही. म्हणून तुम्हीही उडी मारायची. हवेत असताना वीज अंगावर घ्यायची, आणि पाय जमिनीला टेकायच्या आत आर१ दाबायचा. वीज उलट त्याच्यावर जाते, तो थरथरत उभा राहतो, लाल आणि पिवळ्या दोन्ही पट्ट्यांना मोठा दणका बसतो.

चुका दोनच होतात. उडी लवकर मारली तर वीज येईपर्यंत तुम्ही खाली आलेले असता. तो उडाला म्हणून नाही, तो वार सोडायला लागला की उडा. दुसरी, वीज लागल्यावर घाबरून ब्लॉक दाबणं. ब्लॉक नाही, वार.

धास्ती वाटत असेल तर डाव सुरू होताच ईल लिव्हर खा, विजेचा मार कमी होतो. पण मी तर म्हणेन विजेची वाट बघत खेळा. ती जेवढ्या वेळा येईल तेवढा डाव लवकर संपतो.

१२. कुठला प्रोस्थेटिक लावू?

फटाके. आशिना आउटस्कर्ट्समधला क्रोज बेड मेमोरियल मॉब ते ५०० सेनला (सेन म्हणजे गेममधले पैसे) विकतो. फोडले की गेनिचिरो दचकतो, तेवढ्यात दोन-तीन वार किंवा एक घोट. सारखे फोडलेत तर परिणाम कमी होत जातो, म्हणून डावात मोजके वापरा. कॉम्बॅट आर्टमध्ये (खास वारांमध्ये) इचिमोंजी चांगला: एक जड वार, त्यानं तुमचं पोश्चरही उतरतं. तो आशिना टेक्स्टमध्ये आहे. ते टेंगूचा मुखवटा घातलेला म्हातारा देतो, त्यानं सांगितलेले 'उंदीर' मारल्यावर.

१३. मेल्यावर उठायचं की सरळ मरायचं?

पहिल्या डावातच मेलात तर मरा आणि नव्यानं या, वेळ वाचतो. दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात मेलात तर उठा. उठल्यावर व्हिटॅलिटी अर्धीच असते, म्हणून उठल्या उठल्या वार करायला धावू नका. पुनर्जन्माचे दोन ठिपके असतील तर एक वापरल्यावर दुसऱ्यावर काट मारली जाते. ती डेथब्लो दिला की निघते. म्हणजे डावागणिक एक असा हिशोब धरा.

१४. दर वेळी मरून पैसे आणि अनुभव जातोय. आता कुणी कुणी खोकायला पण लागलंय!

पूर्ण मेलात की हातातले अर्धे सेन आणि पुढच्या पॉइंटसाठी साठलेला अर्धा अनुभव जातो. मिळालेले स्किल पॉइंट जात नाहीत. म्हणून वर जायच्या आधी पॉइंट पुरा करा आणि उरलेल्या सेनच्या थैल्या विकत घ्या, थैलीतला पैसा मरणानं जात नाही. अनसीन एड नावाची कृपा कधीकधी हे नुकसान वाचवते, तिची शक्यता जास्तीत जास्त ३० टक्के.

खोकला म्हणजे ड्रॅगनरॉट, तुमच्या मरणांमुळं पसरतो. तो वाढला की ती शक्यता घटते आणि आजारी माणसांच्या गोष्टी अडकतात. पण कुणी त्यानं मरत नाही. एम्मानं इलाज शोधला की ड्रॅगन्स ब्लड ड्रॉपलेट वापरून सगळे एकदम बरे होतात. ड्रॉपलेट मोजकेच आहेत, म्हणून गेनिचिरो पडल्यावर वापरा, आधी नको.

१५. लढत चालू असताना आई दळण आणायला पाठवते. पॉज होतो का? आणि लाइट गेली तर?

पॉज होतो, खरा पॉज. ऑप्शन्स दाबा, गिरणीवरून जाऊन या. लाइट गेली तर गेम बाकीचं आपोआप सेव्ह करत असतो, लढत मात्र पहिल्या डावापासून. पावसाळ्यात पीसीला यूपीएस असलेला बरा, आणि तो सेकिरोसाठीच नव्हे.

१६. मी गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये आहे. रात्री जेमतेम तास मिळतो. कसा पाडू?

तास पुरतो, पण रोज जिंकायला बसू नका. एका रात्री फक्त मिकिरी, लढत हरली तरी चालेल. दुसऱ्या रात्री ती लांब मालिका (प्रश्न ९). मग वीज. लागोपाठ हरत गेलात की हात आपोआप बटण सारखं दाबायला लागतो, प्रश्न ५ मधली खोड परत येते. ती दिसली की त्या दिवशी बंद करा. नाइट मारून आल्यावर तर मुळीच नको, हाताचा वेग तेव्हा अर्धा असतो आणि दोष गेमला दिला जातो.

१७. दुसऱ्यांदा गेम सुरू केला, आता अचूक ब्लॉक करूनही जीव जातोय. बग आहे का?

बग नाही. न्यू गेम प्लसमध्ये सुरुवातीला कुरोचा ताईत परत केलात का? केला असेल तर साध्या ब्लॉकनंही व्हिटॅलिटी घटते, फक्त अचूक डिफ्लेक्टला मार नाही. तुम्ही ज्याला अचूक म्हणताय ते ब्लॉक आहेत. सेनपोकडची डीमन बेल वाजवली असेल तर शत्रू आणखी जड होतात. बेलचा परिणाम सामानातली ती वस्तू वापरून काढता येतो.

१८. जिंकलो! पण एकदाच जमलं, परत लढायचं असेल तर?

२९ ऑक्टोबर २०२० च्या फुकट अपडेटमध्ये ती सोय आली. जिथं विसावा घेता त्या मूर्तीजवळ बसून 'रिफ्लेक्शन्स ऑफ स्ट्रेंग्थ' निवडा, पाडलेला बॉस परत समोर येतो. आणखी जड हवा असेल तर इनर गेनिचिरो आहे, त्याचे वार नवे.

१९. शेवटी हा परत येतो म्हणतात, खरं का?

खरं, पण सगळ्यांसाठी नाही. घुबडानं, म्हणजे तुमच्या मानलेल्या बापानं, विचारल्यावर कुरोला सोडायचं कबूल केलंत, तर गोष्ट वेगळ्या वाटेनं लवकर संपते आणि शेवटचा गेनिचिरो भेटतच नाही. कुरोची बाजू धरलीत तर शेवटी पहिली लढत झालेल्या गवताच्या त्याच रानात तो काळी तलवार घेऊन उभा असतो. एकच डेथब्लो लागतो. पण लगेच त्याच्या मागून तरुण इश्शिन येतो, त्याचे तीन डाव, मधे विश्रांती नाही. म्हणून तिथं गेनिचिरोवर गोर्ड खर्च करू नका, सगळे घोट इश्शिनसाठी राखा. इश्शिनच्या शेवटच्या डावातही वीज आहे. ती कशी उलटवायची ते प्रश्न ११ मध्ये आहेच.